तीस वेळा वाचलेलं अक्षर

इंदिरानगर, नाशिक

चि. छकुलीस,



तुझा निरोप मिळाला. तीन ओळींचा, त्यातली दीड ओळ आद्याक्षरांची; पण मुंबईला पीएचडीसाठी तुझी निवड झाली आणि रक्ताच्या थेंबातली शेकडो प्रथिनं एका बैठकीत ओळखणाऱ्या यंत्रावर तुला काम करायला मिळणार, एवढं त्यातून नीट कळलं. आजीनं देवापुढे साखर ठेवली आणि तीच वाटी घेऊन शेजारीपाजारी फिरून आली. सगळीकडे तिनं 'नात प्रथिनांची डॉक्टर होणार' असं सांगितलं आहे, तेव्हा पुढच्या सुटीत आलीस की वडाळा-पाथर्डी रस्त्यापर्यंतची मंडळी तुला रोज डाळ किती खावी ते विचारायला येतील, तयारीत राहा. तेवीस वर्षांच्या मुलीला अजून छकुली काय म्हणता, असं तुझी आई मला बोलते. तिला म्हणावं, डॉक्टरेट मिळाली की पाहू.

तुझ्या चांगुलपणाची मला काळजी नाही. खोटा आकडा तू लिहिणार नाहीस, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घालणार नाहीस, प्रयोगशाळेतल्या मामा-मावशींशी नीट बोलशील, हे मी धरूनच चालतो. काळजी आहे ती तुझ्या घाईची. लहानपणापासून तू जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या गाळून उडी मारतेस, चहा निवायच्या आत पितेस आणि गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतेस. आता ज्या विद्येत तू चालली आहेस तिथली यंत्रं इतकी वेगवान झाली आहेत की आपणही तसंच पळावं असं कोणालाही वाटावं. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. एका दमात वाचू नकोस. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसलीस की इगतपुरीपर्यंत अर्धं वाच आणि उरलेलं घाट उतरल्यावर.

दुर्गाबाई भागवतांची पुस्तकं आपल्या कपाटात तू पाहिली आहेस. त्यांची धाकटी बहीण कमला, म्हणजे लग्नानंतरच्या कमला सोहोनी, ही तुझ्या विद्येतली तुझी थोरली आजी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन तिनं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेशच नाकारला. वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, आणि मुलीला मात्र दार बंद! मग बाईंनी त्यांच्या कचेरीपुढे सत्याग्रह मांडला. अखेर वर्षभर चाचणीवर राहायचं, गुरू सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं, अशा अपमानाच्याच म्हणाव्यात अशा अटींवर जागा मिळाली. तिथे त्यांनी दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं वेगळी काढण्याचं काम केलं, आणि ते इतकं चोख होतं की त्यानंतर रामनसाहेबांनी मुलींना दार उघडलं. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतं असं आढळलं. १९३९ साली पीएचडी मिळाली ती अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर. (तुझ्या मैत्रिणीचा प्रबंध मी पाहिला, उशाला घेता येईल एवढा जाड होता. असो.) नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या शिकवत राहिल्या, नीरेतल्या पोषक द्रव्यांवर त्यांनी काम केलं, त्याबद्दल राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं, आणि उतारवयात ग्राहकांना अन्नातली भेसळ ओळखायला शिकवत राहिल्या.

त्या काळी एक प्रथिन हाती घ्यायचं म्हणजे महिनोन्‌महिने तेच घेऊन बसायचं. केंब्रिजमध्येच फ्रेडरिक सँगर नावाचा एक मितभाषी माणूस होता. इन्शुलिन हे प्रथिन म्हणजे एकूण ५१ अमिनो आम्लांच्या दोन जोडलेल्या साखळ्या, तुमच्या हिशेबात अगदी चिमुकल्या. पण ती आम्लं कोणत्या क्रमानं ओवली आहेत हे शोधायला त्यांना दहा-बारा वर्षं लागली. त्यासाठी १९५८ चं नोबेल मिळालं. मग हा माणूस सत्कार घेत बसला नाही, डीएनएची अक्षरं वाचायच्या मागे लागला, १९७७ साली ती पद्धत दिली आणि १९८० साली रसायनशास्त्राचंच दुसरं नोबेल घेतलं. तीन वर्षांनी निवृत्त झाले ते घरची बाग करत बसले. मला हा माणूस फार आवडतो. निवृत्तीनंतर सल्ले देत फिरले नाहीत, हा गुण माझ्यात नाही हे तुला या पत्रावरून कळतंच आहे.

सँगरच्याच पद्धतीनं पुढे माणसाच्या डीएनएची सगळी संहिता वाचायचं काम जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून केलं. १९९० साली सुरू झालं, २००३ साली संपलं असं जाहीर झालं. तीन अब्ज अक्षरं, तेरा वर्षं. आणि गंमत बघ, 'संपलं' म्हटल्यावरही सुमारे आठ टक्के मजकूर वाचायचा राहिलेलाच होता; एकसारखी पुनरावृत्ती असलेले ते अवघड भाग २०२२ साली पुरे झाले. आता तेच काम यंत्र दोन-तीन दिवसांत करतं. २००१ च्या सुमारास एका माणसाची संहिता वाचायला दहा कोटी डॉलरच्या घरात खर्च येई, आता हजार डॉलरच्या आत होतं. वेग कशाला म्हणतात ते यावरून दिसतं.

पण हा वेग नेमका कुठे आहे ते नीट पाहा. सिक्वेन्सर, म्हणजे हे वाचणारं यंत्र, डीएनए सलग वाचत नाही. आधी त्याचे बारीक तुकडे करतात, ते काचेच्या पट्टीवर चिकटवतात, प्रत्येक तुकड्याच्या हजारएक जुळ्या प्रतींचा पुंजका करतात, मग एकेक अक्षर जोडत जातात आणि प्रत्येक अक्षराला वेगळ्या रंगाची चमक असल्यामुळे कॅमेरा दर फेरीला फोटो काढत जातो. एकेक तुकडा दीडशे अक्षरांचा, असे कोट्यवधी तुकडे एकाच वेळी. त्यानंतर संगणक ते एकमेकांवर बसवून मूळ मजकूर उभा करतो. वेग आहे तो असा गर्दीत. एका तुकड्याचं एक अक्षर जोडायला मात्र अजूनही रसायनाला लागायचा तो वेळ लागतोच. आणि एकदा वाचलेल्या अक्षरावर कोणी शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. संहितेतली प्रत्येक जागा सरासरी तीसदा वाचली जाईल इतके तुकडे घेतात, आणि मग ठरवतात की इथे खरोखर 'ए' आहे की यंत्राची चूक आहे.

हे वाचलं तेव्हा मला माझी नोकरी आठवली. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी छपाईच्या तपासणीला होतो हे तुला माहीत आहे. यंत्रातून शीटमागून शीट धडाधड पडत असे, आणि आम्ही मात्र त्या वेगाला न जुमानता एकेक शीट उजेडात धरून पाहत असू. बिघडलेला कागदसुद्धा मोजून जमा करायचा, फेकायचा नाही. छपाई वेगात झाली म्हणून तपासणारा भरभर बघायला लागला तर छपाईचा काय उपयोग? तुझं काम तपासणीवाल्याचं आहे, छकुले. छापणाऱ्याचं काम यंत्र करतंय, ते त्याला करू दे.

आता नाशिकचा विषय निघालाच आहे तर एक मजा सांगतो. माणसाच्या संहितेत तीन अब्ज अक्षरं, आणि आपल्या लासलगावच्या बाजारात ढिगानं पडलेल्या कांद्याच्या संहितेत जवळजवळ सोळा अब्ज! पाचपटीहून जास्त. त्यातला बराचसा भाग पुन्हा पुन्हा आलेल्या मजकुराचा आहे, जनुकं काही त्या मानानं जास्त नाहीत, पण वाचणाऱ्याला तर सगळंच वाचावं लागतं, म्हणून तर कांद्याची संहिता इतरांच्या मानानं उशिरा, २०२१ साली प्रसिद्ध झाली. द्राक्षाचं मात्र लवकर झालं. फ्रेंच आणि इटालियन मंडळींनी २००७ साली द्राक्षाची संहिता वाचली, सुमारे ४८ कोटी अक्षरं, जनुकं तीस हजारांच्या आसपास, म्हणजे माणसाला प्रथिनं बनवणारी जी वीस हजार जनुकं आहेत त्यांपेक्षाही जास्त. निफाडच्या मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, जास्त असणारच, भुरी, डाऊनी आणि अवकाळी एवढं सगळं सोसायचं म्हणजे काय थोडक्यात भागतं?

द्राक्षाच्या संहितेची एक गोष्ट मला तुझ्यासाठी मोलाची वाटते. द्राक्षवेलीच्या गुणसूत्रांच्या दोन जुड्यांमधली अक्षरं एकमेकांपासून इतकी वेगळी असतात की तुकडे जुळवताना घोटाळा होतो. म्हणून त्या लोकांनी साधी वेल घेतलीच नाही. पिनो न्वारच्या वंशातल्या एका जातीपासून वर्षानुवर्षं स्वपरागणानं पिढ्यामागून पिढ्या काढून दोन्ही जुड्या जवळजवळ सारख्या केलेली एक वेल मुद्दाम जपून ठेवलेली होती, ती घेतली. कोणीतरी त्या वेलीला पाणी घालत, बी रुजवत, वाट पाहत इतकी वर्षं काढली होती, तेव्हा कुठे यंत्राला वाचण्याजोगं काही मिळालं.

आपल्याकडची गोष्टही पाहा. तासगावजवळच्या बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी थॉम्सनच्या बागेत वेगळी दिसणारी वेल हेरली, तिची तास-ए-गणेश झाली. सोलापूरकडच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशीच हेरली, तिची सोनाका झाली. या सगळ्या एकाच आईच्या लेकी, डीएनएमध्ये फरक इतका सूक्ष्म की नेहमीच्या डीएनए-खुणांनी त्या वेगळ्या ओळखणं जड जातं, पण शेतकऱ्याच्या डोळ्यांनी ओळखल्या. असा डोळा बागेत रोज फिरल्याशिवाय तयार होत नाही, आणि बागेत फिरायचं ते सकाळी. तू उशिरा उठतेस हे मी इथे काढणार नव्हतो, पण निघालंच.

मग तुझ्या प्रथिनांकडे येतो. एवढी सगळी अक्षरं वाचून झाली, मग पुन्हा प्रथिनं कशाला मोजायची, असं मला आधी वाटे. त्याचं उत्तर मला सिकलसेलच्या आजारातून समजलं. नंदुरबारकडे, गडचिरोलीकडे आदिवासी वस्त्यांत हा आजार किती आहे ते तू जाणतेस. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रोग्यांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी शोधलं की १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी एकच आम्ल बदललेलं आहे, म्हणजे जनुकातलं एकच अक्षर. एक अक्षर, आणि त्यापायी आयुष्यभर हाडांत कळा. अशा आजाराला कोट्यवधी रुपयांचं यंत्र लागत नाही. विद्राव्यतेची साधी चाचणी गावातल्या आरोग्य केंद्रातही होते आणि पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस पुरतं. जिथे साध्यानं भागतं तिथे साधंच वापरावं, हे तुझ्या मार्गदर्शकांनी सांगितलं नाही तरी तू लक्षात ठेव.

पण बहुतेक आजार असे एकाक्षरी नसतात. मधुमेह घे, कर्करोग घे, नाहीतर साधा ताप घे, त्यात शेकडो प्रथिनं वर-खाली होत असतात. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत संहिता तीच, तरी डोळ्याची पेशी वेगळी आणि यकृताची वेगळी, कारण कोणतं प्रथिन किती बनवायचं ते प्रत्येकीचं निराळं, आणि ते सकाळ-संध्याकाळसुद्धा बदलतं. संहिता जन्मभर जवळपास तीच राहते. प्रथिनं मात्र आत्ता काय चाललं आहे ते सांगतात. म्हणून ती एकेक करून नव्हे, एकदम सगळी पाहावी लागतात. आणि ते डीएनएपेक्षा फार कठीण आहे, कारण डीएनएच्या थेंबभराच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात, प्रथिनाची प्रत काढायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही. जेवढं आहे तेवढ्यावरच भागवायचं. त्यातून रक्तद्रवातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा, आणि ज्याच्यासाठी आपण आलो ते प्रथिन त्याच्या अब्जावधी पटींनी कमी. आधी ही अल्ब्युमिनची गर्दी बाजूला काढायची, मगच त्या बिचाऱ्याचा आवाज ऐकू येणार.

पुढचं तू मला समजावलं होतंस ते मी माझ्या भाषेत लिहितो, चुकलं तर हस. ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम, जे आपल्या आतड्यातही अन्न पचवतं, ते प्रथिनांत घालून रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. ते ठरावीक जागी कापत जातं. सकाळी तुकडे तयार. (बघ, सकाळी! नमुना तुझी वाट पाहत असणार, तेव्हा गजर लावून झोप.) मग ते तुकडे एका बारीक नळीतून एकेक करून बाहेर काढायचे, विजेच्या दाबानं त्यांचा सूक्ष्म फवारा करायचा आणि निर्वात पोकळीत प्रत्येकाचं वजन करायचं, तोडून पुन्हा तुकड्यांची वजनं घ्यायची. या वजनांवरून संगणक संहितेतल्या जनुकांची यादी चाळून सांगतो की हा तुकडा अमक्या प्रथिनाचा. म्हणजे संहिता आधी कोणीतरी वाचून ठेवली आहे म्हणून तुझं यंत्र बोलू शकतं. दोन्ही विद्या एकमेकींच्या आधारानं चालतात.

प्रथिनांसारखे अवजड रेणू न मोडता हवेत उडवण्याच्या युक्तीबद्दल २००२ चं नोबेल मिळालं ते जॉन फेन आणि कोइची तानाका यांना. फेन यांनी विजेच्या फवाऱ्याचं हे काम केलं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते, नोबेल मिळालं तेव्हा पंच्याऐंशीचे. तुझ्या आजोबांना अजून आशा आहे, असं आजीला वाचून दाखवलं, तिनं न ऐकल्यासारखं केलं. तानाकांची गोष्ट आणखी गोड आहे. क्योटोच्या शिमाझू कंपनीतला साधा इंजिनिअर, पीएचडीही नाही. १९८५ मध्ये कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत एक द्रव मिसळायचा तर चुकून ग्लिसरीन पडलं. भुकटी महाग. टाकून द्यायला जीव होईना. वाया का घालवायचं, म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून पाहिलं, आणि जे आजवर दिसलं नव्हतं ते दिसलं. काटकसरीवर मी तुला लहानपणापासून जेवढं ऐकवलं आहे त्या सगळ्यापेक्षा ही एक गोष्ट भारी आहे.

आता प्रामाणिकपणानं पुढचंही सांगायला हवं. ग्लिसरीन लवकर वाळावं म्हणून त्यांनी लेझर चालूच ठेवला आणि वाळायची वाट न पाहता पडद्याकडे बघत बसले, म्हणून तो संकेत सापडला. म्हणजे इथे अधीरपणा कामी आला. ही गोष्ट माझ्या उपदेशाच्या विरुद्ध जाते हे मला दिसतं आहे, आणि तू ती माझ्याविरुद्ध वापरशील हेही दिसतं आहे. वापर. पण एवढं मात्र पाहा की ते बघत बसले होते, यंत्र लावून कॅन्टीनला गेले नव्हते.

आपल्याकडेही हे काम चांगलं चाललं आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. संजीव श्रीवास्तव यांची प्रयोगशाळा मलेरियाच्या आणि मेंदूतल्या गाठींच्या रोग्यांतली प्रथिनं वर्षानुवर्षं मोजते आहे, आणि कोविडच्या काळात त्यांनी कस्तुरबा रुग्णालयातल्या रोग्यांचे नमुने घेऊन कोणाचा आजार गंभीर होतो ते प्रथिनांवरून कळेल का याचा शोध घेतला. त्याच सुमारास पुण्याच्या प्रयोगशाळा विषाणूची तीस हजार अक्षरं रोज वाचत होत्या आणि महाराष्ट्रातल्या नमुन्यांतून नवा प्रकार पुढे येत होता. त्यालाच जागतिक आरोग्य संघटनेनं ३१ मे २०२१ रोजी डेल्टा नाव दिलं. तेव्हा घाई गरजेची होती, आणि त्यांनी ती निभावली. २०१४ साली अखिलेश पांडे आणि बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सच्या तरुण मुलामुलींनी माणसाच्या ३० प्रकारच्या ऊती-पेशींमधून १७,२९४ जनुकांची प्रथिनं नोंदवली, ते 'नेचर'मध्ये आलं. नंतर काही अभ्यासकांनी त्यातल्या थोड्या नोंदी सैल आहेत अशी हरकत घेतली, आणि ती घेतली हेही योग्यच झालं. एवढ्या मोठ्या यादीत खडे निवडायला दुसऱ्याचे डोळे लागतात.

घाईनं काय होतं त्याचं एक उदाहरण मात्र तुझ्या डोळ्यांपुढे राहू दे. २००२ च्या फेब्रुवारीत 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात अमेरिकेतल्या एका गटानं लिहिलं की रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून बीजांडकोशाचा कर्करोग ओळखता येतो, एकही रोगी सुटत नाही. केवढा आनंद झाला असेल बायकांना! चाचणी बाजारात आणायची तयारी सुरू झाली. टेक्सासमधले कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स हे दोघे आकडेवारीचे जाणकार मात्र तोच डेटा घेऊन शांतपणे बसले. त्यांना दिसलं की पुढच्या एका संचात निरोगी बायकांचे नमुने बहुतेक आधीच्या दिवशी चालवले होते आणि कर्करोगाच्या बायकांचे नंतरच्या. यंत्र रोज थोडं बदलतं, तेव्हा संगणक रोग ओळखत होता की वार, कोणी सांगावं? २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं चाचणीला अडवलं. कोणी लबाडी केली असं मी म्हणत नाही. नमुने सरमिसळ करून लावायला एक सकाळ गेली असती, ती वाचवली गेली, एवढंच. तू दर वेळी सरमिसळ करून लाव, कंटाळा आला तरी.

एक विनोदी घाईही आहे. 'मार्च१' आणि 'सेप्ट२' अशा नावांची जनुकं होती. ती एक्सेलमध्ये टाकली की तो आपल्या मनानंच त्यांच्या तारखा करून टाकत असे, १ मार्च, २ सप्टेंबर. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं तर ज्या निबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या होत्या त्यांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. लिहिणाऱ्यानं पाहिलं नाही, तपासणाऱ्यानं पाहिलं नाही, छापणाऱ्यानंही पाहिलं नाही. शेवटी २०२० साली जनुकांचीच नावं बदलली, 'मार्चएफ१' आणि 'सेप्टिन२' केली. एक्सेलला कोणी सुधारू शकलं नाही, म्हणून जनुकांनी माघार घेतली! आमच्या प्रेसमध्ये असं झालं असतं तर आमचे साहेब... जाऊ दे.

आता बारीकसारीक, म्हणजे आजोबांचं आवडतं. मोठा नमुना एकाच नळीत ठेवू नकोस, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेव, म्हणजे लागेल तेवढाच काढता येतो. गोठवून वितळवून पुन्हा गोठवलेल्या प्रथिनाचे हाल होतात. नळीवर तारीख आणि नाव पूर्ण लिही, 'अ-२ नवीन' असं नाही, सहा महिन्यांनी नवीन काय होतं ते कोणाला आठवतंय. नळीवर लिहायचं पेन थंडीत न पुसणारं घे, दहा रुपये वाचवायला स्वस्तातलं आणू नकोस. काटकसर वेगळी आणि कद्रूपणा वेगळा, हे तुझ्या आजीचं मत आहे आणि ते मला उद्देशून आहे. वही रोजची रोज लिही. यंत्राची वेळ मागताना पहाटेची माग, ती कोणी मागत नाही, आणि इतर कोणी घाई करायला भोवती नसतं.

आणखी एक. निफाडचा पारा उतरला की आजी विणायला बसते, आणि प्रयोगशाळेत एसी फार असतो असं तू म्हणालीस म्हणून तिनं तुझ्यासाठी निळा स्वेटर विणला आहे. तो खोलीवर घाल, प्रयोगशाळेत नको. लोकर म्हणजे केराटिन, आपले केस आणि त्वचाही केराटिनच, आणि ते धूलिकणांतून नमुन्यात पडलं की यंत्र तुझ्या रोग्याऐवजी मेंढीचं प्रथिन मोठ्या कौतुकानं मोजून दाखवतं. हातमोजे घाल, केस बांध, आत सुती काही घाल. आजीला हे सांगायचं धाडस मी केलेलं नाही, तूही करू नकोस.

पहिले काही महिने काहीच नीट येणार नाही. नक्षी पुसट येईल, नळी तुंबेल, परदेशातून मागवलेलं रसायन आठवडेच्या आठवडे कस्टममध्ये अडकेल, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा निबंध छापूनही येईल. तेव्हा फोन करशील तर रडू नकोस असं म्हणणार नाही, रड, पण जेवून रड. आणि त्याच आठवड्यात सगळं बदलून टाकायला निघू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकीचं होतं तसं ठेव आणि पुन्हा चालव.

आता एक मागणं. पहिली यादी हाती आली की मार्गदर्शकांना विचार, आणि त्यांची हरकत नसेल तर रोग्यांची माहिती काढून नुसती जनुकांची नावं मला छापून पाठव, मोठ्या अक्षरांत, कागदावर. त्यातलं शास्त्र मला कळणार नाही. पण तारखा झालेली जनुकं मी शोधून देईन, घाई न करता.

तुझा,
आजोबा